आमची वाटचाल : वरून न दिसणारा कडा

संगणकावर विमान उडवणाऱ्यांसाठी आम्ही जमीन बनवतो. विमानं नव्हे, फक्त जमीन: डोंगर, नद्या, शेतं, धावपट्ट्या. पुण्यात छोट्याशा जागेत आम्ही चौघं हे काम करतो आणि आमचा बहुतेक माल सह्याद्रीचा आहे. नवीन मुलं कामाला आली की हे सगळं त्यांना तोंडी सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतो आहे.

मी मूळचा जीआयएसवाला, म्हणजे संगणकावर नकाशे करणारा. दिवसभर नोकरीत पाणलोटाचे नकाशे आणि रात्री घरी ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ (एफएसएक्स), म्हणजे संगणकावर विमान उडवायचा खेळ. 2006 साली आलेल्या त्या सिम्युलेटरमध्ये पुण्याहून कोकणाकडे निघालं की घाट लागायचा खरा, पण तो ओळखीचा वाटायचा नाही. त्याचं कारण जमीन रचण्याच्या पद्धतीत होतं. सगळ्यात खाली ‘मेश’, म्हणजे उंचीच्या आकड्यांची जाळी. तिच्यावर ‘लँडक्लास’: साधारण किलोमीटरभराच्या प्रत्येक चौकोनाला एक नंबर, अमुक नंबर म्हणजे जंगल, तमुक म्हणजे कोरडवाहू रान. नंबर वाचून सिम्युलेटर साठ्यातलं तयार चित्र उचलतो आणि फरश्या बसवाव्यात तसं शेजारी शेजारी बसवत जातो. त्यावर रस्ते, नद्या आणि किनारे, आणि सर्वांत वर झाडं-घरं, ज्यांना आमच्या धंद्यात ‘ऑटोजेन’ म्हणतात. ॲड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरला जोडायची भर, करणारा यातला कुठलाही थर काढून तिथे आपला बसवू शकतो. आमची भाकरी त्याच सोयीवर आहे.

सुरुवात मेशपासून केली. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ यानातून रडारने पृथ्वीच्या बऱ्याच भागाची उंची मोजली गेली. त्या ‘एसआरटीएम’ मोहिमेची माहिती आपल्याकडे बरीच वर्षं सुमारे 90 मीटर अंतरावरच्या बिंदूंची मिळायची. एवढ्या विरळ जाळीत सह्याद्री मावत नाही. राजगडाची संजीवनी माची दोन बिंदूंच्या मध्ये गडप व्हायची आणि सरळसोट कडे नुसते उतार होऊन बसायचे. पुढे 30 मीटरची माहिती खुली झाली, इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर कार्टोडेम ही भारतीय उपग्रहाची उंचीची माहितीही मिळू लागली. दोन्ही ताडून, रिकाम्या जागा भरून आम्ही घाटमाथ्याचा मेश तयार केला आणि फुकट वाटला. पण लोकांची पत्रं यायला लागली ती रंगाबद्दल. ‘डोंगर छान झाले, पण पावसाळ्यात हे असे करपलेले का?’

हा प्रश्न आमच्या धंद्याचा कणा ठरला. उपग्रहचित्रं निवडताना बिनढगाची निवडतात, आणि आपल्याकडे बिनढगाचे महिने म्हणजे नोव्हेंबर ते मे. त्यामुळे सिम्युलेटरमध्ये बाहेर धो-धो पाऊस आणि खाली एप्रिलची तपकिरी जमीन, असं विचित्र दृश्य दिसतं. एफएसएक्सच्या ‘रिसॅम्पल’ या साधनात एक सोय होती: एकाच जागेची निरनिराळी चित्रं निरनिराळ्या महिन्यांना बांधून देता यायची. आम्ही ती पावसाळ्यासाठी वापरायचं ठरवलं. पण हिरवं चित्र आणायचं कुठून? जुलै-ऑगस्टात घाटावरचे ढग हटत नाहीत आणि उपग्रहाचा साधा कॅमेरा ढगाआडचं पाहू शकत नाही. उत्तर मिळालं सेंटिनेल-2 हा युरोपचा उपग्रह-कार्यक्रम सुरू झाल्यावर. त्याची चित्रं 10 मीटर पिक्सेलची, म्हणजे जाडीभरडी, पण फुकट, आणि दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी नवी. सप्टेंबरअखेरीस कुठे ना कुठे उघडीप मिळतेच. बांध, पायवाटा, घरं हा तपशील विकत घेतलेल्या बारीक चित्रातून घ्यायचा आणि रंग सेंटिनेलचा चढवायचा, ही पद्धत आम्ही बसवली. जुलैतल्या आवणाचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, कोवळा पोपटी रंग मात्र तोवर गेलेला असतो, ऑक्टोबरात खाचरं पिवळी पडू लागतात. तो रंग आम्ही मावळात जाऊन काढलेल्या फोटोंवरून लावतो.

चित्र विकत घेतो हे मुद्दाम सांगतो. नकाशासेवांवर दिसणारं चित्र उतरवून विकायचा हक्क कोणालाच नसतो. परवाना घ्यावा लागतो आणि आमचा सर्वांत मोठा खर्च तोच. शिवाय पिक्सेलचं माप निम्मं केलं की फाइल चौपट होते. म्हणून डोंगरांना एक मीटरचा पिक्सेल, आणि जिथे चाकं टेकणार त्या विमानतळालाच 25-30 सेंटिमीटरचा. तीन हजार फुटांवरून जे रेखीव दिसतं, तेच धावपट्टीवर उभं राहून पाहिलं तर फराटा वाटतं.

18 ऑगस्ट 2020 ला ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ची नवी आवृत्ती आली आणि आमचं धाबं दणाणलं. साऱ्या जगाचं बिंग नकाशाचं चित्र इंटरनेटवरून थेट विमानाखाली येत होतं. आता आमची जमीन कोण विकत घेणार? दोन सहकाऱ्यांनी दुसऱ्या नोकऱ्या शोधायला सुरुवात केली होती आणि मी त्यांना अडवू शकत नव्हतो.

मग आम्ही त्या नव्या सिम्युलेटरमध्ये हरिश्चंद्रगडावर गेलो. कोकणकडा म्हणजे काळपट पाघळलेला डाग होता. विचार केला तर साहजिकच आहे. उपग्रह वरून पाहतो, त्यामुळे उभ्या भिंतीच्या वाट्याला जेमतेम चार पिक्सेल येतात आणि तेच ताणून सगळी भिंत झाकली जाते. दुसरं, असे उपग्रह बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. तेव्हा ऊन पूर्वेचं, म्हणजे पश्चिमेला तोंड असलेला कडा स्वतःच्याच सावलीत. ती सावली चित्रात कायमची उमटते, आणि संध्याकाळी जेव्हा कडा उजळून निघायला हवा, तेव्हाही काळाच राहतो. तिसरं, मेशमध्ये एका जागेला एकच उंची देता येते. कोकणकडा तर आत वळलेला आहे. ती खोबण मेशमध्ये बसूच शकत नाही.

आम्ही कडा वेगळा घडवायचा ठरवलं. पायथ्याच्या बेलपाड्याकडून आणि माथ्यावरून, पातळ ढगांच्या उजेडात म्हणजे सावल्या न पडता, फोटो काढले. त्यांच्यावरून त्रिमितीय भिंत उभी केली, लाव्हाच्या थरांचे आडवे पट्टे जिथल्या तिथे बसवले आणि ती मेशला चिकटवली. मावळतीला त्या भिंतीवर सिम्युलेटरचं ऊन पहिल्यांदा पडलं तेव्हा आमच्या ऑफिसात कोणी बराच वेळ बोललं नाही. नोकऱ्या शोधणारे दोघं आजही इथेच आहेत, आणि घाटातले कडे हाच आज आमचा सर्वांत खपणारा माल आहे.

गिऱ्हाईक कुठून येईल सांगता येत नाही. बारामतीला विमान शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने उजनीचं पाणी दुरुस्त करून मागितलं. वरून वाट ओळखायची तर पाण्याची कड ही मोठी खूण, आणि उजनीची कड ऑक्टोबरात एक, मे महिन्यात भलतीच. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, इतका फरक. आता आम्ही भरलेली उजनी आणि आटलेली उजनी अशी दोन पॅकेजं देतो. या सरावाचे तास वैमानिकाच्या उड्डाणतासांच्या वहीत, लॉगबुकात, धरले जात नाहीत, हे प्रत्येक विद्यार्थ्याला आधीच सांगतो.

सध्या टेबलावर नवी मुंबईचा विमानतळ आहे. 2025 मध्ये तिथून उड्डाणं सुरू झाली, पण एसआरटीएम 2000 सालची, त्यामुळे तिच्यात उलव्याची टेकडी अजून जागच्या जागी आहे आणि उलवे नदीही जुन्याच वाटेने वाहते. आधी टेकडी कापायची, नदी वळवायची, भराव टाकायचा, मगच धावपट्टी. विमानतळाभोवती ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, म्हणून उंचीसाठी नवी उपग्रह-माहिती विकत घेतली आहे. ‘एक्स-प्लेन’ या दुसऱ्या सिम्युलेटरसाठीचं पॅकेज आधी येईल.