उजनीचा टक्का बघून निघा: मुलांसोबत भिगवणची एक सकाळ

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या, उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला पक्षी बघायला कधी जावं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: डिसेंबर ते मार्च. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, महिना बघत नाहीत, पाण्याची खोली बघतात. त्यांना मान खाली घालून तळाचा चिखल चाळता येईल इतकं उथळ पाणी लागतं. पावसाळा जोरात झालेल्या वर्षी जानेवारीतही उजनी काठोकाठ असते आणि थवे एकतर लांबच्या उथळ्यावर असतात किंवा आलेलेच नसतात. उन्हाळी आवर्तन (शेतीसाठी धरणातून सोडायचं पाणी) सुटलं, पाणी उतरलं, चिखलाचे पट्टे उघडे पडले, की तेच पक्षी काठाजवळ येतात. म्हणून आधी धरणातल्या पाणीसाठ्याचा टक्का बघायचा आणि मग तारीख ठरवायची.

हा टक्का वाचण्यातही एक गंमत आहे. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याच्या यशवंत सागर जलाशयात साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण त्यातलं तळाचं 63 टीएमसीहून थोडं जास्त पाणी मृत साठ्यात धरतात. पेपरात छापून येणारा टक्का वरच्या 53 टीएमसीचा, म्हणजे उपयुक्त साठ्याचा असतो. त्यामुळे उन्हाळ्यात 'उजनी उणे वीस टक्के' अशी बातमी येते. होमस्कूलिंगच्या, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणाऱ्या घरात ऋण संख्या शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही: पाणी तर दिसतंय, मग ते शून्याच्या खाली कसं? आठवडाभर आधी रोजचा टक्का आलेखाच्या कागदावर मांडायला लावा, तारीख मुलंच सुचवतात.

टक्का उतरताना दिसला की भिगवणजवळच्या कुंभारगावातल्या नाववाल्याला फोन करा. 'पक्षी आलेत का?' या प्रश्नाला उत्तर नेहमी 'या की, भरपूर आहेत' असंच येतं. त्याऐवजी विचारा: "मामा, रोहित आहेत तिथवर जायला किती वेळ लागतो? आणि तिथं बांबू तळाला टेकतो का?" बांबू टेकत असेल तर पाणी उथळ आहे आणि इंजिन बंद करून नाव हळूच ढकलत नेता येते. टेकत नसेल तर इंजिन चालूच राहणार, म्हणजे पक्षी लांबच राहणार. दर माणशी आहे की पूर्ण नावेचा, किती तासांचा, आणि लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हेही त्याच फोनवर ठरवून टाका. मोठ्यांचं जॅकेट सात वर्षांच्या मुलाला घातलं, तर पाण्यात ते वर सरकून त्याच्या तोंडावर येतं. मापाचं मिळणार नसेल तर घरचं न्या.

वार निवडता येणं हा होमस्कूलिंगचा सगळ्यात मोठा फायदा आणि तो इथे पुरेपूर घ्यावा. रविवारी नावांची रांग लागते, थवा दर थोड्या वेळानं उठतो आणि दहापर्यंत पार समोरच्या काठाला जाऊन बसतो. मंगळवार-बुधवारी तेच पक्षी चरत असतात.

पुण्याहून रस्ता सरळ आहे: हडपसर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण. अंतर शंभर-एकशे दहा किलोमीटर. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. त्यासाठी पुण्यातून साडेचारला निघावं लागतं, आणि हाच हिशोब धोक्याचा आहे. कारखान्यांचा हंगाम चालू असतो, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चाललेले असतात आणि पाण्याजवळ धुकं दाट असतं. मुलं सोबत असतील तर आदल्या संध्याकाळीच पोचा आणि गावातल्या घरगुती मुक्कामाच्या खोलीत राहा. रात्रीची झोप झालेलं मूल नावेत तीन तास टिकतं. साडेतीनला उठवलेलं मूल पाऊण तासात 'कधी जायचं परत' सुरू करतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

काठावर स्वच्छतागृह असेल असं धरून चालू नका. मुक्कामाच्या ठिकाणी किंवा हायवेवरच्या पंपावर ते उरकूनच पाण्याकडे वळा. अंगात थरावर थर हवेत: सात वाजता कानटोपी लागते आणि दहाला बाही वर करावीशी वाटते. खाऊ म्हणून शेंगदाण्याचे लाडू किंवा गूळपोळी डब्यातून न्या, म्हणजे वाऱ्यावर उडणारी वेष्टनं नकोत.

आता नाव. उन्हाची दिशा इथे सगळं ठरवते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, आणि कुंभारगावची नाव दक्षिणेच्या काठावरून उत्तरेला सुटते. नाववाला जवळच्या वाटेनं थव्याच्या पश्चिमेला नेत असेल तर पक्षी काळ्या आकृत्या होतात. निघण्याआधीच सांगा: "ऊन आपल्या पाठीवर राहील अशी फिरवा, वेळ लागला तरी चालेल." बहुतेक नाववाल्यांना हे ठाऊक असतं, पण घाईच्या गिऱ्हाइकांची सवय झालेली असते. थव्यापासून शंभरेक मीटरवर इंजिन बंद, पुढे बांबू. माना खाली आणि पाय जागच्या जागी चिखल तुडवताहेत, तोवर सगळं ठीक. माना वर झाल्या आणि सगळा थवा एकाच दिशेला पावलं टाकू लागला, की बांबू थांबवायचा. ती उडण्याआधीची तयारी असते. काही नाववाले बक्षिसीच्या आशेनं थवा उठवून दाखवतात. नको म्हणून स्पष्ट सांगा. उड्डाणाचा फोटो हवाच असेल तर वाट बघा, सकाळभरात कुठली ना कुठली तुकडी आपणहून जागा बदलते. हवेत उठण्याआधी त्यांना बरीच पावलं धावावं लागतं आणि ती ते वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला टाकतात. म्हणजे वारा कुठून येतोय हे कळलं की कॅमेरा कुठे रोखायचा हेही कळतं.

किती जवळ जायला हवं, याचं गणित पाचवी-सहावीच्या मुलाला जमतं. रोहित साधारण 1.3 मीटर उंच. लेन्स 300 मिलिमीटर. पक्षी 50 मीटरवर असेल तर सेन्सरवर पडणारी प्रतिमा 300 × 1.3 ÷ 50, म्हणजे 7.8 मिलिमीटर. हौशी कॅमेऱ्यात असतो त्या एपीएस-सी सेन्सरची उंची पंधरा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पक्षी अर्धी चौकट भरतो. शंभर मीटरवर पाव. हे आधी करून नेलं की 'अजून जवळ, अजून जवळ' हा हट्ट मुलांचाही थांबतो आणि मोठ्यांचाही.

नावेत ट्रायपॉड निरुपयोगी. नावेच्या काठावर लेन्स टेकवायला जुन्या जीन्सचा पाय कापून, दोन्ही टोकं शिवून, आत किलोभर तांदूळ भरलेली उशी करा. पण इंजिन चालू असताना तिच्यावरही लेन्स टेकवू नका, थरथर थेट फोटोत उतरते. उभ्या पक्ष्यासाठी शटर 1/800 सेकंदापेक्षा हळू नको, उडणाऱ्यासाठी 1/2000. छिद्र एफ 6.3 ते 8, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो ठेवून कमाल 3200, फोकस सलग चालणारा. खरी चूक उजेडात होते. धुक्यात कॅमेरा चित्र राखाडी करतो, तिथे एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +2/3 लागतं. ऊन चढलं की पांढरे पंख जळतात, तिथे -2/3. या दोन टप्प्यांमध्ये आकडा बदलायचा राहून जातो आणि नेमके साडेआठचे उत्तम फोटो वाया जातात. एक्स्पोजरच्या बटणावर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा, नजर गेली की आठवण होते. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची तापलेली हवा हलू लागते आणि लांबचे फोटो विरघळल्यासारखे येतात. त्यावर कुठलीही महागडी लेन्स चालत नाही. तेव्हा कॅमेरा खाली ठेवा, दुर्बीण घ्या.

दुर्बीण आठपटीची न्या, दहापटीची नको. हलत्या नावेत दहापट मोठं दिसण्यापेक्षा दहापट हलतंच जास्त. मुलांसाठी 8×30 किंवा 8×32 बरी (पहिला आकडा पटीचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरचा). विकत घेताना ती बिजागरीत पूर्ण मिटवून मुलाच्या डोळ्यांना लावून बघा. दोन नळ्यांतलं अंतर पुरेसं कमी होत नसेल तर त्याला दोन वेगळी वर्तुळं दिसतात, आणि 'काहीच दिसत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डावी बाजू स्पष्ट करायची, आणि डावा मिटून उजव्या नळीवरच्या कड्यानं उजवी. हे घरीच, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर, दोन दिवस करून घ्या. नावेत शिकवायला गेलात तर थवा उडून गेलेला असतो.

रोहितांच्या नादात बाकीचं सुटू देऊ नका. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. केशरी चक्रवाक जोडीनं बसलेले असतात. चित्रबलाक, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, लाल पायांचे शेकाटे, पिवळ्या चोचीचा नदी सुरय हे मुलांना पहिल्याच फेरीत ओळखता येतात. मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी चिखलावरून संथ घिरट्या घालत आला की बदकांची धांदल बघण्यासारखी असते. रोहित मात्र एकदा पाच मिनिटं कॅमेऱ्याविना बघावा. तो चोच उलटी करून पाण्यात धरतो आणि जिभेनं पंपासारखं पाणी आत-बाहेर करून बारीक जीव गाळून घेतो. मागे वाकलेला दिसतो तो त्याचा गुडघा नसून घोटा आहे. थव्यात राखाडी, मळकट दिसणारी पिल्लं वेगळी मोजा. रंग खाण्यातून येतो आणि तो पूर्ण यायला काही वर्षं लागतात.

मोजणी अशी: आधी दहा पक्षी एकेक करून मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा, मग तेवढे तुकडे थव्यावर मोजत जा. प्रत्येकानं आपला आकडा न बोलता वहीत लिहायचा. त्याच वेळी थव्याचा एक रुंद फोटो काढून ठेवा, घरी मोठ्या पडद्यावर ठिपके देत खरी संख्या काढता येते. पहिल्यांदा मुलांचा अंदाज बहुतेक खूप कमी येतो. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) यादी भरणार असाल तर सुरू केल्याची वेळ, एकूण मिनिटं आणि नावेनं कापलेलं अंतर तिथल्या तिथेच टिपा, नंतर आठवत नाही.

जेवणाला भिगवणची मच्छी. उजनीत चिलापी मुबलक, चव छान. लहान मुलांना काटे काढून द्या, नाहीतर पिठलं-भाकरी. पाणी फारच उतरलेल्या उन्हाळ्यात गेलात तर पुढे पळसदेवला जा, धरणात बुडालेलं पळसनाथाचं देऊळ तेव्हा पाण्याबाहेर येतं. आधी शिखर दिसतं आणि पाणी आणखी आटलं तर चालत जाता येतं. चिखल वरून वाळलेला दिसला तरी आत मऊ असतो, म्हणून गावकरी जातात त्याच पायवाटेनं जा.

परतताना मुलांमध्ये दम उरला असेल तर चौफुल्याहून सुप्याकडे वळा. मयूरेश्वर अभयारण्य अवघं पाच चौरस किलोमीटरचं, त्यात चिंकारा हमखास दिसतात. चारनंतरचं तिरकं ऊन तिथल्या पिवळ्या गवतावर सुरेख पडतं. फक्त मग हडपसरची संध्याकाळची कोंडी चुकत नाही. ती टाळायची असेल तर सुपे पुढच्या खेपेला ठेवा आणि जेवून दोनच्या आत भिगवण सोडा.