दवाचे चार किलो

गुरुवार, 11 डिसेंबर 2025, रात्री

रविवारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायच्या पावाची, ताटली माझ्यापर्यंत आली आणि मी हात पुढे केला नाही.

घडलं ते एवढंच. कोणी काही बोललं नाही, विचारलं नाही. पण चर्चच्या मंडळीत घेतलं तेव्हापासून, बाळंतपणातले दोन-तीन महिने सोडले तर, मी एकदाही ताटली चुकवलेली नव्हती. रविवारी ती समोर होती, पावाचे बारीक चौकोनी तुकडे, आणि माझा हात मांडीवरून उचललाच गेला नाही. जड झाला म्हणावं तर तसंही नव्हतं. मी तो दाबून धरला होता.

शेजारी मोठीमाय बसली होती. आमच्या चर्चला वेदीपुढचा कठडा नाही, जमिनीवर अंथरलेल्या दरीवर बसल्या जागी ताटली हातोहात फिरते. तिच्या हातातून ती माझ्याकडे यायची होती. तिचे हात आता थरथरतात. ताटली धरून ती थांबली. मी मान हलवली. तिला वाटलं मला दिसलं नाही. तिनं ताटली आणखी जवळ आणली आणि हळूच म्हणाली, "घे नं माय." मी परत मान हलवली. ती हलेचना. मागच्या रांगेतल्या पोरी पाहायला लागल्या. शेवटी मीच ताटली तिच्या हातातून घेतली आणि जाऊबाईंकडे सरकवली. मोठीमायचा तुकडा तिच्या तळहातावर तसाच होता. सगळ्यांनी सोबत खायचं असतं. सगळ्यांनी खाल्लं तेव्हाही ती माझ्याकडे पाहत होती, मग तिनं तोंडात टाकला.

घरी येऊन मी खूप रडले. भाजी फोडणीला टाकली आणि चुलीपुढेच बसून राहिले. हे म्हणाले, डोकं दुखत असेल. मी हो म्हटलं. असं वाटत होतं की या घरात, या मंडळीत, मी एकटीच अशी आहे. बाकी सगळ्या स्वच्छ मनानं गुडघे टेकतात आणि मी आतून काळी. नाताळ पंधरा-अठरा दिवसांवर, आगमनकाळाचा दुसरा रविवार, पोरं गाणी बसवताहेत आणि मी अशी.  

आता लिहायला बसले आहे तर सरळ लिहिते.

ताटली फिरण्याच्या आधी आम्ही सगळे मिळून एक प्रार्थना म्हणतो. प्रभू, तुझ्या मेजाखाली पडलेला चुरा वेचायलाही आम्ही योग्य नाही, अशा अर्थाची. लहानपणापासून पाठ आहे, तोंड आपोआप चालतं. मंडळीत घेण्याआधी दृढीकरणाचा वर्ग असतो, त्यात सांगितलं होतं की ती फार जुनी, 1548 साली इंग्लंडात लिहिलेली, आणि तिच्यामागे मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातली सुरफुनीकी बाई आहे, मुलीसाठी पाया पडणारी. या रविवारी ती म्हणताना मी "वेचायला" या शब्दाशी अडकले. पुढचे शब्द बाकीच्यांनी म्हटले.

कारण शुक्रवारी वावरात कापसाची वेचणी होती.

सकाळी सातला बाया आल्या. पऱ्हाटी दवानं भिजलेली होती, हात लावला की बाही ओली. सकाळचा कापूस जड भरतो, हे वेचणारीलाही माहीत असतं आणि मालकिणीलाही. आदल्याच आठवड्यात खेडा खरेदीवाल्यानं, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्यानं, आमचा कापूस ओला आहे म्हणून भाव पाडला होता. यंदा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 आहे. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण भाव, पुढे कापत जातात आणि 12 च्या वर गेला की घेतच नाहीत. तिथे नंबर लागायला थांबायची आमची ऐपत नव्हती, कृषी केंद्राची उधारी होती. खरेदीवाल्यानं 6900 दिले. मूठभर कापूस दाबून पाहिला, ओठ वाकडे केले आणि आकडा सांगितला. ह्यांनी मान हलवली. मी घरात उभी राहून ऐकत होते. माझ्या अंगाची आग झाली होती.

शुक्रवारी संध्याकाळी धुऱ्यावर बाभळीला काटा टांगला. दिवसाच्या वजनात सकाळचं दवही होतंच. मी प्रत्येकीच्या गाठोड्यातून दोन-दोन किलो दवाचे म्हणून कापले. धाकट्या बायांनी आवाज केला, एकीनं तर काटाच धरून ठेवला, तेव्हा त्यांचा एक-एक किलो परत मांडला. मोठीमायही वेचायला होती, तिचं गाठोडं शेवटी. काट्यानं 24 दाखवले. मी वहीत 20 लिहिले. तिच्या कापसात पत्ती असते, नजर कमी झाली आहे, हे खरं आहे. पण मी 20 लिहिले ते पत्तीसाठी नव्हते. ती काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं. आणि 10 रुपये किलोनं 200 हा हिशेब सोपा होता.

ती बोलली नाही. गाठोडं सोडताना कापसाचे चार-पाच पुंजके खाली मातीत पडले होते. ती वाकली, कमरेला एक हात लावून, आणि एक-एक पुंजका वेचला. फुंकर मारून माती झटकली. एकाला काडी चिकटली होती, ती नखानं काढली. आणि ते सगळे माझ्या ढिगावर नेऊन ठेवले. वजन तर होऊन गेलं होतं. त्या पुंजक्यांचा तिला एक पैसा मिळायचा नव्हता.

रविवारी तीच बाई माझ्यासमोर ताटली धरून बसली होती.

मंगळवारी प्रार्थनेला पाळकसाहेब घरी आले होते. चहा झाल्यावर मी आडूनच विचारलं, अयोग्य असताना प्रभुभोजन घेतलं तर आपण आपल्यावर न्याय ओढवून घेतो असं पत्रात आहे ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय झालं हे विचारलं नाही, तेवढं त्यांचं चांगलं आहे. म्हणाले, "करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. पण सत्ताविसाव्या वचनापासून नका वाचू. सतराव्यापासून वाचा."

रात्री आजीचं शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. पानं पिवळी पडली आहेत, कडेला तिच्या बोटांचे तेलकट डाग. इतकी वर्षं मी सत्ताविसाव्यापासूनच ऐकत आले, कारण उपासनेत तिथूनच वाचतात. सतरापासून वाचलं तर सगळी गोष्टच पालटली. पत्र लिहिणारा पौल जेवणावरून चिडला आहे. करिंथची मंडळी एकत्र जमते, पण ज्यांच्याकडे आहे ते आधीच आपापलं जेवण उरकून घेतात. एक उपाशी राहतो, दुसरा पिऊन मस्त होतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता, असं तो म्हणतो. मग ते भाकरीचं नि प्याल्याचं, मग अयोग्यपणाचं. आणि शेवटी, तेहेतिसाव्या वचनात, काय करा म्हणून सांगतो? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

मी तीनदा वाचलं. अयोग्य माणसानं खाऊ नये असं तिथे कुठे लिहिलेलंच नाही. अयोग्य प्रकारे खाऊ नये, असं आहे. इतकी वर्षं मी ते स्वतःबद्दल वाचत होते, माझं मन कसं, माझी लायकी किती. तो मात्र विचारतो आहे की शेजारी बसलेली उपाशी राहिली का.

आणि माझ्यासाठी थांबली ती मोठीमाय होती. तुकडा हातावर धरून.

हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच लाज वाटली. रविवारी दुपारभर मी रडले ते "मी पापी, मी अपात्र" म्हणून. त्या रडण्यात एकदाही चार किलोचा उच्चार नव्हता. देवापुढे मी सगळं काही कबूल केलं, जन्मापासूनचं, आणि शुक्रवारचं तेवढं सोडलं. अपात्र आहे म्हणताना जीभ अडखळत नाही. चार किलो म्हणताना अडखळते. त्या दृष्टांतातला चाकर आठवला, राजानं ज्याचं डोंगराएवढं कर्ज सोडलं आणि जो बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. खरेदीवाल्यानं माझा ओलावा काढला आणि मी तो नेऊन सत्तरीच्या बाईच्या माथी मारला.

आजी असती तर काय म्हणाली असती, हे मला ठाऊक आहे. तिच्या आईबापांच्या वेळेस, छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 ला, आमचं घर मंडळीत आलं. दाण्यासाठी धर्म सोडला असं लोक म्हणत. आजी कधी त्यावर भांडली नाही. एवढंच म्हणायची, "दाना तं सरकारबी देत होतं, गोटे फोडून घेऊन. पंगतीत कोनं बसवलं?" त्यांच्या आधीच्या पिढ्यांना दूर उभं राहायची सवयच लावली होती. चोखोबा आमच्याच विदर्भातले, बुलढाण्याकडच्या मेहुणा राजाचे सांगतात. त्यांनाही पंढरपुरात महाद्वाराच्या आत येऊ दिलं नाही, समाधीसुद्धा पायरीशीच. त्यांना लोकांनी बाहेर ठेवलं होतं. मला कोणी ठेवलं? मी दरीवर, मधोमध, आजीनं कमावलेल्या जागेवर बसले होते आणि पंगतीतून हात मागे घेतला. आजीला ते आवडलं नसतं. नम्रपणा म्हणून तर मुळीच आवडलं नसतं.

बुधवारी आणखी एक घोळ घातला. आधी देणं फेडायचं, मग मेजाकडे जायचं, की आधी जायचं? मत्तयात स्पष्ट आहे. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, जा, समेट कर, मग ये. म्हणजे रविवारी मी केलं ते बरोबरच होतं की काय? पण मी दान ठेवून गेले कुठे? बसूनच होते. आणि लूकमध्ये जक्कयाचं उलटं आहे. उंबरावर चढलेला तो माणूस, सगळं गाव त्याला पापी म्हणतं, आणि येशू आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. हिशेब नंतर. चौपट परत करीन हे जक्कय उभा राहून म्हणतो ते पाहुणा घरात आल्यावर. कोणी त्याला सांगितलंही नव्हतं. मला हे दोन्ही एकत्र नीट बसवता येत नाही. भाकरी थापताना जक्कयाचंच डोक्यात येत राहिलं, एवढं खरं.

आज संध्याकाळी मोठीमायकडे गेले. ह्यांना सांगून गेले, सगळं सांगून. ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वहीतही दुरुस्त करून ठेव." धाकट्या बायांचा उरलेला एक-एक किलोही मांडायचं ठरलं, ते उद्याच्या चुकाऱ्यात.

ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सूप मांडीवर. मी शेजारी बसले, दोन मूठ शेंगा मीही सोलल्या. शब्द जुळवून गेले होते ते सगळे विसरले. म्हटलं, "मोठीमाय, शुक्रवारी तुझे चार किलो मी कमी लिहिले. दवाचे नव्हते. तू बोलणार नाहीस म्हणून लिहिले." आणि चाळीस रुपये सुपाच्या कडेला ठेवले.

ती शेंग सोलत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाली, "साडेचार होते वं."

मी काही बोलू शकले नाही.

"साडेचोवीस होता काटा. अर्धा तुले दिसला नसन. मी पाहत होती."

म्हणजे शुक्रवारी तिला माहीत होतं. वाकून पुंजके वेचले तेव्हा माहीत होतं. रविवारी ताटली धरून "घे नं माय" म्हणाली तेव्हा अर्ध्या किलोपर्यंत सगळं माहीत होतं, आणि तरी तिचे हात तसेच पुढे होते.

मी पदराच्या गाठीतून पाचाचं नाणं काढून दिलं. तिनं ते बोटांनी चाचपून पाहिलं, नोटा नीट घडी करून त्यात ठेवल्या, सगळं कनवटीला लावलं. त्या रविवारचं काही बोलली नाही. मीही काढलं नाही. सूनबाईनं काळा चहा आणला. एकच कप धड होता, तो माझ्याकडे आला. मोठीमायनं वाटीत घेतला. माझा हात आपोआप पुढे झाला होता, हे मला घरी येताना वाटेत लक्षात आलं.

निघताना तिनं विचारलं, "उद्या वेचणी हाय नं? दव सुकल्यावर येऊ का आधीच येऊ?"

म्हटलं, "सुकल्यावर ये. मी थांबते."