टॉवेल कुठं गुंडाळायचा

परदेशी जायचं ठरलं की सोलापूरच्या माणसाची बॅग दोन गोष्टींनी भरते. एक शेंगाचटणी, दुसरी टॉवेल-चादर. चटणी आपल्याला लागते आणि चादर तिकडच्यांना द्यायला लागते. "सोलापूरहून आलात आणि चादर नाही आणली?" हा प्रश्न मला थेट स्टुटगार्टमध्ये विचारला गेला. विचारणारा अर्थात कोल्हापूरचा होता.

मुलाकडे जर्मनीला निघालो तेव्हा सहा टॉवेल घेतले होते. चाटी गल्लीतून दर पाडून आणलेले. वाटेत इस्तंबूलला तीन दिवस थांबायचं होतं, कारण तसं केल्यानं तिकीट स्वस्त पडत होतं. मुलानं फोनवर बजावलं, "बाबा, तिकडं चालणं खूप असतं, सुटसुटीत कपडे घाला." म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा हाफपँट घेतली. सोलापुरात मी हाफपँट घालत नाही. घरात लुंगी, दारात लुंगी, कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही लुंगी आणि बनियन. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढं गेला की अर्धी गल्ली ह्याच वेशात कट्ट्यावर बसलेली असते. उघडे खांदे, उघड्या पिंढऱ्या, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. (गल्लीतल्या बायकांनी उन्हाळ्यात काय करायचं, हे कुणी विचारत नाही.) तेच हाफपँट घालून बाहेर पडलो तर पहिला भेटेल तो विचारणार, "कुठं निघालास बे, शाळेला?"

तर ती हाफपँट घालून मी सुलतान अहमद मशिदीच्या दारात उभा राहिलो. आत निळ्या नक्षीच्या फरश्या आहेत म्हणून जग तिला निळी मशीद म्हणतं. शेजारी बायको, सहावारीत, अंबाड्यासकट. माझ्याबद्दल तिला धाकधूक होती, स्वतःबद्दल अजिबात नव्हती. साडी म्हणजे सभ्यतेची शेवटची पायरी, त्यापुढं आणखी काय असणार?

माझा निकाल एका क्षणात लागला. तिथल्या माणसानं गुडघ्यांकडं बघून एक निळं कापड हातात दिलं आणि कमरेला गुंडाळायची खूण केली. ते कसं अडकवायचं कळेना. बायको हसून म्हणाली, "थांबा, मी नेसवते. निऱ्या काढू का?"

तिचं हसू संपेपर्यंत तिची पाळी आली. तिथल्या बाईनं डोक्याकडं बोट दाखवलं. हिनं पदर सफाईनं डोक्यावरून घेतला. सासरी इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे शिकवायला लागत नाही. मग त्या बाईनं कमरेकडं बोट दाखवलं. ब्लाऊज आणि निऱ्या यांच्यामधली जी चार बोटं जागा आपल्याला आयुष्यात कधी दिसलेलीच नसते, ती तिला दिसली होती. हिनं पदर ओढून कमरेभोवती घेतला, तर डोकं उघडं पडलं. डोक्यावर घेतला, तर कंबर. पदर एक आणि झाकायच्या जागा दोन. शेवटी पिशवीतला टॉवेल काढला, अंगाभोवती घट्ट लपेटला, पदर पुन्हा डोक्यावर घेतला. दारावरची बाई खूश. तिनं टॉवेलची कड बोटांत धरून बघितली आणि काहीतरी चांगलं बोलली असावी.

आत गेल्यावर बायको बराच वेळ गप्प होती. घुमट बघून झाला, गालिचावर बसून झालं, मग म्हणाली, "चाळीस वर्षं साडी नेसते. नीट झाकून घ्या म्हणणारी ही पहिलीच."

राग नव्हता त्यात, नवल होतं. साडीत काहीतरी उघडं राहतं हे कळायला तिला दोन देश ओलांडून जावं लागलं.

खांदे आणि गुडघे यांच्याशी बऱ्याच देवांचं काहीतरी बिनसलेलं दिसतं. आमचे एक स्नेही रोमला जाऊन आले, त्यांच्या मुलीला बिनबाह्यांच्या ड्रेसवर सेंट पीटर्समध्ये सोडेनात. बँकॉकच्या राजवाड्यात तेच, बालीच्या देवळांत कमरेला सारोंग. पण देवाचं एकमत आहे म्हणावं, तर तिरुअनंतपुरमला पद्मनाभस्वामी पुरुषांना उलटंच सांगतो: सदरा काढ, मगच आत ये. आमच्या शेजारी तुळजापुरात २०२३ च्या मे महिन्यात तोकड्या कपड्यांना मनाई करणारे फलक लागले आणि ओरड झाल्यावर लगेच मागेही घेतले गेले. आणि आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत? संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात तेव्हा मानकरी पांढऱ्या बाराबंदीतच हवेत. एरवी जीन्स घालणारी पोरं बंद बांधता येत नाहीत म्हणून आजोबांपुढं छाती काढून उभी राहतात. तेव्हा आपल्याला कुणी 'ही सक्ती कशाला' म्हणून विचारलं तर आपण त्याच्याकडं बघतच राहू. मला त्या निळ्या कापडाचा राग न येण्याचं कारण बहुधा बाराबंदी असावी.

दुसऱ्या दिवशी हमाममध्ये गेलो. चेंबरलिताशचा, १५८४ सालचा, सिनान नावाच्या थोर वास्तुकारानं बांधलेला. पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी. कपडे काढायला सांगितले आणि गुंडाळायला एक चौकड्यांचं सुती कापड दिलं. पेश्तेमाल म्हणतात त्याला. मी अंगठ्यानं चोळून बघितलं. सवय आहे, वडील गिरणीत होते. पातळ, घट्ट विणीचं, चटकन वाळणारं. म्हणजे आपला पंचाच की! चारशे वर्षांच्या घुमटाखाली तापलेल्या संगमरवरावर पंचा गुंडाळून पडलो आणि एकदम घरच्यासारखं वाटलं. मला चोळणाऱ्या मिशाळ माणसानं इतकं पाणी ओतलं, इतका फेस केला, उलटा केला, सुलटा केला, पण पंचा जागचा हलू दिला नाही. सगळे पुरुषच, तरी पंचा सुटता कामा नये, ही तिथली रीत. ती मला फार जवळची वाटली. आम्ही नळावर आंघोळ करणारी माणसं. पंचाच्या आत चड्डी बदलणं ही कला आम्हाला पोहण्याआधी येते.

आणखी एक गंमत. आमच्याकडं जुनी माणसं अजून जाड टॉवेलला 'टर्किश टॉवेल' म्हणतात. ते नाव पोकळ नाही. एकोणिसाव्या शतकात हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रजाला तुर्कांकडं उभ्या लूपचा टॉवेल दिसला. तो त्यानं इंग्लंडला नेला, तिथं तो यंत्रावर विणला गेला आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडला गेला. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ ची. पुढं गिरण्या मिटल्या, पूर्व भागातले माग राहिले, आणि आज चादरीबरोबर आमच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे मी सहा टॉवेल घेऊन त्यांच्या आजोळी आलो होतो.

मग स्टुटगार्ट. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची पाठ धरते ना, सौनाला जाऊ." चांगलं मोठं स्नानगृह होतं, बाहेर बाग, आत पोहायचे तलाव. एका दारावर पाटी होती. मी अक्षरं जुळवत वाचली: टेक्स्टिलफ्राय. टेक्स्टाइल हा शब्द सोलापूरच्या माणसाला झोपेत दाखवला तरी वाचता येतो. फ्राय म्हणजे फ्री हेही मुलानं शिकवलं होतं. मी बायकोला म्हणालो, "बघ, कापड फुकट आहे. आपण उगीच सहा टॉवेल वाहून आणले."

मुलानं घसा साफ केला. "बाबा, फुकट नाही. इथून पुढं कापड नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. पोहायचा कपडाही चालत नाही. अस्वच्छ समजतात. बायका-पुरुष सगळे एकत्र."

बायको तिथल्या तिथं बाकावर बसली. "तुम्ही दोघं जाऊन या. मी इथं कॉफी घेते."

मीही बसणार होतो. पण तिकिटं काढून झाली होती आणि पैसे परत मिळणार नव्हते. संस्कारांनी अडलेली पुष्कळ कामं पैशानं सुटतात. राहिला प्रश्न बाप-लेकाचा. तो मुलानंच सोडवला. "मी डावीकडच्यात जातो, तुम्ही उजवीकडच्यात जा. अर्ध्या तासानं इथं भेटू."

उजवीकडची खोली लाकडाची होती, ८५ अंशांची. उन्हाळ्यात पत्र्याखाली जन्म काढलेल्याला त्याचं काही विशेष नाही. टॉवेल कमरेला करकचून बांधून मी खालच्या फळीवर बसलो. वर सातआठ माणसं होती. किती बाया, किती पुरुष, ते मी मोजलं नाही, कारण मान वर करायचा धीर झाला नाही. पलीकडं एक आजीबाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी माझ्या टॉवेलकडं बोट केलं आणि मग माझ्या पायाखालच्या फळीकडं. घाम लाकडावर पडता कामा नये, टॉवेल अंगाखाली हवा, पायांखालीसुद्धा. मी कमरेचा टॉवेल न सोडता पायांखाली ओढून बघितला. पुरेना. टॉवेल एक आणि जागा दोन.

बायकोची आठवण आली. तिनं पिशवीतून दुसरा काढला होता. माझे बाकीचे मुलाच्या घरी.

सोडला. आजीबाईंनी मान हलवली, जशी वर्गात बाई हलवतात, आणि पुन्हा समोर बघायला लागल्या. कुणी वळलं नाही, कुणी सावरून बसलं नाही. दोन मिनिटांनी मला कळलं की ह्या खोलीत अवघडलेला माणूस एकच आहे, आणि तो मी. मशिदीत उघडे गुडघे आगाऊपणाचे होते, इथं बांधलेला टॉवेल आगाऊपणाचा ठरत होता.

तिथं घाम गाळत बसलो असताना मला गोवा आठवला. १९८४. आम्ही चार मित्र, एसटीनं, कुणाकडून तरी उसना आणलेला कॅमेरा आणि ३६ फोटोंचा रोल. हणजुण्याला, म्हणजे अंजुनाच्या किनाऱ्यावर, गेलो. कशाला गेलो ते सोलापूरच्या त्या पिढीला वेगळं सांगायला नको. कपड्यांनिशी, बूट घालून वाळूत उभे राहिलो आणि झोपलेल्या गोऱ्या बायकांचे फोटो काढले. एक बाई उठून आमच्याकडं नुसती बघत राहिली. आम्ही हसलो. कपडे आमच्या अंगावर पूर्ण होते, त्यामुळं लाज तिला वाटायला हवी असा आमचा हिशोब.

रोल धुवायला दिला तो स्टुडिओवाला वडिलांच्या ओळखीचा निघाला. त्यानं पाकीट त्यांच्याच हातात दिलं. संध्याकाळी वडिलांनी सगळे फोटो पत्त्यांसारखे सतरंजीवर मांडले, चष्मा लावला, एक-एक बघितला. मला वाटलं आता पायताण येणार. ते एवढंच म्हणाले, "समुद्र बघायला गेला होतास ना? मग ह्यात समुद्र कुठं आहे?"

खरंच नव्हता. छत्तिसात एकाही फोटोत नव्हता.

हे वडील मला लहानपणी आजीबरोबर पंढरपूरला पाठवायचे. चंद्रभागेच्या वाळवंटात हजारो माणसं. बायका लुगड्यानिशी बुडी मारायच्या आणि ओल्यातून कोरड्यात यायच्या, भर गर्दीत, दात आणि एक हात वापरून. आडोसा नाही, खोली नाही. आजीनं मला कधी 'तिकडं तोंड कर' म्हटल्याचं आठवत नाही. तोंडं आधीच तिकडं असायची, कळसाकडं नाहीतर नदीकडं. कुणी शिकवलं होतं म्हणावं तर तसंही नाही. शेजारची बाई निम्मी उघडी आहे आणि आपल्याला ती दिसत नाही, हे त्या वाळवंटात सगळ्यांना जमायचं. मलाही जमायचं. हणजुण्याला जाईपर्यंत ते कुठं सांडलं कोण जाणे. आता वाळवंटातही फोन उंचावलेले दिसतात, तेव्हा फक्त माझंच सांडलं असं नव्हे.

त्या गरम खोलीत मला आजीचं वाळवंट पुन्हा भेटलं, एवढंच सांगतो. माणसं नागवी होती आणि कुणी कुणाला दिसत नव्हतं. फोन तर दाराबाहेरच ठेवायचे होते. मग एक कामगार आला, तापल्या दगडांवर वासाचं पाणी ओतलं आणि टॉवेल डोक्यावर गरगर फिरवून सगळ्यांना गरम वारा घातला. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन्ही हात मोकळेच होते.

बाहेर आलो तेव्हा मुलगा आणि मी एकमेकांच्या कपाळाकडं बघत बोललो. बायकोनं विचारलं, "कसं होतं?" मी म्हणालो, "पाठ मोकळी झाली." तिनं पुढं विचारलं नाही. कॉफी दोन कप झाली होती तिची.

सोलापुरात परतल्यावर दुसऱ्याच सकाळी चहाच्या गाड्यावर गेलो. लुंगी आणि बनियनवर. गोव्याच्या चौघांतला एक तिथं आधीच बसलेला. मुलानं त्याच्या पोराला सगळं कळवलं असणार, कारण त्यानं चहा सांगायच्या आधी मला बाजूला ओढलं आणि आवाज खाली केला.

"खरंच सगळे तसेच असतात बे?"

"हो."

"बायकासुद्धा?"

"हो."

"मग, काय काय बघितलास?"

त्या खोलीत भिंतीवर एक वाळूचं घड्याळ असतं. पंधरा मिनिटांचं. आत आल्यावर उलटं करायचं, वाळू संपली की उठायचं. आम्ही सगळे त्याच्याकडंच बघत बसलो होतो. लालसर वाळू होती, मधेच थोडी अडकायची आणि मग एकदम खाली यायची.

मी त्याला ते सांगितलं. त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "सांगायचं नसेल तर राहू दे बे."