तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवातीला काय व्हायचं?

टाकायासू आर्टरायटिस म्हणजे मोठ्या धमन्यांचा दाह, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "सुरुवातीला काय व्हायचं तुम्हाला?" छातीत कळ आली असणार, असं बहुतेकांना वाटतं. छातीत काहीच झालं नव्हतं.

मान दुखायची. मागून नव्हे, पुढून. जबड्याखाली बोट ठेवल्यावर ठोका लागतो ना, नेमकं तिथे. दाबलं की कळ कानापर्यंत जायची. घसा तपासला, दात तपासले, दोन्ही ठणठणीत. दुखत होती ती मेंदूकडे रक्त नेणारी धमनीच. धमनीची भिंत सुजली की ती स्वतः दुखू शकते, हे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. जोडीला कणकण, घटतं वजन आणि वाढलेला ईएसआर, म्हणजे शरीरात कुठेतरी दाह असल्याची रक्ततपासणीतली खूण. हे सगळं क्षयाच्या खात्यावर सहज जमा होतं.

हाताचं नंतर सुरू झालं. वेणी घालताना डावा हात भरून यायचा, खाली घेतला की थोड्या वेळात पूर्ववत. शेवटी एका डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांचं बीपी मोजलं. डावीकडे बरंच कमी, मनगटाची नाडीही जेमतेम. दोन हातांच्या वरच्या आकड्यात १०हून जास्त फरक असणं हा टाकायासू ओळखण्याच्या १९९० सालच्या निकषांमधला एक मुद्दा आहे. तरी बीपी बहुतेकदा एकाच हाताचं घेतात! तो सुजून अरुंद झालेल्या धमनीचा हात निघाला, तर खरं बीपी चढलेलं असूनही आकडा छान दिसतो.

१९०८ साली हा आजार पहिल्यांदा नोंदवणारे मिकितो ताकायासू डोळ्यांचे डॉक्टर होते. एका तरुणीच्या दृष्टिपटलावर त्यांना रक्तवाहिन्यांची विचित्र कडी दिसली होती. म्हणजे धमन्यांचा आजार डोळ्यांतून सापडला.

"आईला होईल का?" हेही विचारतात. टाकायासू सहसा चाळिशीच्या आत सुरू होतो. पन्नाशीनंतर त्याचा भाऊबंद, जायंट सेल आर्टरायटिस. त्यात घास चावताना जबडा दुखून थांबावं लागतं, कंगवा फिरवला की डोक्याची कातडी दुखते, कधी नुसता कोरडा खोकला असतो. यातलं काही असताना एका डोळ्यापुढे क्षणभर जरी अंधारी आली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गेलेली नजर बहुधा परत येत नाही. स्टेरॉइड वेळेत मिळालं तर दुसरा डोळा वाचू शकतो.