बागा आहेत की, मग पट्टा कशाला?

शहरातले हरित पट्टे जोडायचे कशाला, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी हा विषय काढला की सगळे उठून जातात. मी उद्यानरचनेचं काम करते म्हटलं की नवी मुंबईकर हमखास विचारतात, ‘मॅडम, सेक्टरगणिक बागा आहेत आपल्याकडे. हे हरित पट्टे जोडायचं खूळ कशाला?’

बागा आहेत, कबूल. पण प्रश्न बागांच्या मधल्या जागेचा आहे, जिथून प्राण्यांना ये-जा करायची असते. माळशेज घाटात २००९ साली कॉलर लावून सोडलेला ‘आजोबा’ बिबट्या आठवतोय? शंभरावर किलोमीटर तुडवत तो मुंबईच्या वेशीवरच्या जंगलात पोचला आणि २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली गेला. जंगल त्याला मिळालं होतं, रस्त्यानं घात केला.

नवी मुंबईत मात्र नवा पट्टा आखावाच लागत नाही. नाला बघा. पारसिकच्या डोंगरावरचं पाणी एमआयडीसीतून, ठाणे-बेलापूर रस्त्याखालून, रुळांखालून सेक्टरांत शिरतं, होल्डिंग पाँडमध्ये, म्हणजे साठवण तळ्यात थांबतं आणि खाडीला मिळतं. वर डोंगर आणि खाली ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ सालचं. २०२२ पासून ते रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. दोघांना जोडणारी वाट पाण्यानं कधीच काढून ठेवलीय.

ही तळी एकदा भरतीच्या वेळी पाहाच. शहराची बरीच जमीन भरतीच्या पातळीखाली, म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोनं डच धर्तीवर ती केली. भरती आली की खाडीकडच्या झडपा पाण्याच्या दाबानं मिटतात, पाऊस आत साठतो. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वॉचमन. पण झडप गंजली किंवा फटीत चप्पल-बाटली अडकली, की खारं पाणी गाळासकट आत येतं आणि त्यात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं रुजतात. मग गाळ काढायला तिवरं तोडायची तर थेट उच्च न्यायालयाची परवानगी लागते. निसर्ग वाचवायचा की पूर टाळायचा, हे भांडण असं एका झडपेपाशी येऊन ठेपतं.

नाला ‘सुशोभित’ करायचा म्हणजे आपल्याकडे काय करतात? दोन्ही बाजूंना भिंत, तळाला काँक्रीट, काठावर पेव्हर ब्लॉक आणि रात्रभर पांढरे दिवे. फिरायला छान, पण प्राण्यांनी जायचं कुठून? माझं म्हणणं एवढंच, की एका काठावर माणसांची पायवाट करा आणि दुसरा काठ मातीचा, अंधारा राहू द्या. तिथे भेंड, करंज, उंबर लावा. रस्त्याखालच्या मोरीत पाण्याच्या वर हातभर रुंदीचा कोरडा कट्टा ठेवा, म्हणजे मुंगूस, उदमांजर पावसाळ्यातही खालून जातील.

‘साप निघतील की!’ हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलेलं. निघतील. काठ मोकळा असेल तर निदान काठाकाठानं जातील, तुमच्या मीटर बॉक्सकडे वळायची शक्यता कमी. डासांचं म्हणाल, तर ते काँक्रीटच्या तळावर कचऱ्यानं अडलेल्या डबक्यांतही मजेत वाढतात.

आणि खरंच काही करायचं असेल, तर मे महिन्यात नालेसफाईचा जेसीबी येण्याआधी वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या: गाळ एकाच काठावरून काढावा, दुसऱ्या काठाची झुडपं खरवडू नयेत. सोबत मोरीचा फोटो जोडा.