लाल पेन्सिल

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘दोन पानं लिहून दे’ असा निरोप आला आणि मला पहिली आठवली ती माझी लाल-निळी पेन्सिल. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. निळं टोक शेवटपर्यंत जवळजवळ नवंच राहिलं.

साल १९७३, इयत्ता आठवी. शुद्धलेखनाच्या तासाला मराठीच्या बाई उतारा सांगायच्या, मग वह्यांची अदलाबदल. शेजाऱ्याची वही आपण तपासायची. त्या दिवशी मी बाकावरच्या मित्राच्या वहीत सतरा फुल्या मारल्या. सतरावी ‘आशीर्वाद’वर. त्याने ‘शी’ दीर्घ काढली होती. मी ती खोडून ऐटीत ‘आशिर्वाद’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘पाच वेळा लिही’.

बाईंनी वही पाहिली. रागावल्या नाहीत. “तुझी आण बघू,” म्हणाल्या. माझ्या वहीतही ‘आशिर्वाद’च होता आणि त्यावर फुली नव्हती. “ही कशी सोडलीस रे?” त्यांनी मित्राला विचारलं. तो म्हणाला, “यानं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.”

ते वाक्य मला छडीपेक्षा जास्त लागलं. बाई मला म्हणाल्या, “आता तू लिही. पाच वेळा. त्याच्या वहीत.”

शाळा नगरची, मिशनची. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचला गेला. बाईंनी मुद्दाम निवडला होता की योगायोग, देव जाणे. कुसळ आणि मुसळ वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, ख्रिस्ती असो वा नसो. मूळ ग्रीकमध्ये मुसळ नाही, घराची तुळई आहे. सुताराच्या घरात वाढलेल्या येशूला ती सुचावी यात नवल नाही. आपल्या भाषांतरकारांनी तुळईच्या जागी मुसळ ठेवलं आणि यमक साधलं. डोळ्यात मुसळ! मुलं खुदखुदली. मी सोडून.

त्या वयात मी त्याचा अर्थ एवढाच घेतला की दुसऱ्याला काही बोलायचंच नाही. पुष्कळ मोठी माणसंही एवढ्यावरच थांबतात. चर्चच्या मंडळीच्या सभेत हिशोब विचारला की कुणीतरी हेच वचन ढालीसारखं पुढे धरतो.

दिवाळीनंतर शाळेमागचं माळरान पिवळं पडायचं. कुसळी गवत. खेळून आलं की चड्डीला, मोज्यांना कुसळंच कुसळं. एकदा याच मित्राच्या डोळ्यात एक गेलं. मी मातीच्या बोटाने काढायला गेलो आणि डोळा लालबुंद करून ठेवला. मग बाई आल्या. आधी नळावर साबणाने हात धुतले. चष्म्यावर खडूची भुकटी बसली होती, तो काढून पदराने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला. मित्र कळवळत होता, मला वाटलं किती हा वेळ! मग त्याची हनुवटी वर करून ओल्या रुमालाच्या टोकाने त्यांनी कुसळ अलगद टिपलं. वचनाचा उरलेला अर्धा भाग मला तेव्हा ऐकू आला. आधी आपल्या डोळ्यातलं काढ, मग भावाच्या डोळ्यातलं काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे त्याचं कुसळ काढायचंच आहे. ज्याच्या डोळ्यात ते असतं, त्याला ते स्वतःला थोडंच काढता येतं?

चर्चमध्ये प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी, पाळक (आमचे धर्मगुरू) आत्मपरीक्षा करायला सांगत. लहानपणी मला वाटे, या परीक्षेचे गुण कोण देतं? पुढे पोटापाण्याला पुण्यात मुद्रितशोधक झालो, म्हणजे लाल शाई सुटली नाहीच. तिथला पहिला धडा असा, की आपण लिहिलेल्या मजकुराचं प्रूफ आपण पाहायचं नाही. डोळा चुकीवरून सरळ पुढे जातो, कारण काय असायला हवं ते त्याला आधीच माहीत असतं. एकोणतीस वर्षं लोकांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या. घरी बायकोला लिहिलेल्या पत्रांत मात्र तिला दर पानाला दोन तरी चुका सापडायच्या.

मित्र आता या स्मरणिकेच्या समितीवर आहे. या लेखाचं प्रूफ मी पाहणार नाही, त्याच्याकडेच पाठवतोय. सोबत एक नवी लाल-निळी पेन्सिलही. बाबा रे, ‘आशीर्वाद’ तेवढा नीट बघ. आणि या वेळी मी लिहिलंय म्हणून सोडू नकोस.