एक सेन्सर, दोन ईसीयू: माझा अनुभव

गाडी तापलीय हे मला वासावरून कळलं. कूलंटचा तो गोडसर वास. लॅपटॉपवर आकडा होता ७३ अंश, आणि पंखा ढिम्म.

माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) तसाच ठेवून शेजारी मेगास्क्वर्ट, म्हणजे लॅपटॉपवरून स्वतः सेट करता येणारा दुसरा ईसीयू, बसवला होता. इंधन आणि स्पार्क नव्याकडे. पंखा, एसी, मीटर जुन्याकडे. कूलंटचा सेन्सर एकच, कारण दुसऱ्यासाठी आटे पाडायला इंजिनावर जागा नव्हती. सिग्नलच्या वायरीला जोड मारला आणि मोकळा झालो. थ्रॉटलच्या सेन्सरला हे चाललं होतं ना!

पण थ्रॉटलचा सेन्सर व्होल्टेज बाहेर देतो. तापमानाचा सेन्सर म्हणजे नुसता रेझिस्टर, गरम होईल तसा कमी होणारा. माझा २० अंशांना २५०० ओहम, ८० ला सुमारे ३२०, १०० ला १८६. त्याचा जोडीदार ईसीयूच्या पोटात असतो: ५ व्होल्टपासून सिग्नलच्या वायरीपर्यंतचा पुल-अप रेझिस्टर. मेगास्क्वर्टचा स्वतःचा २४९० ओहमचा. दोन्ही ईसीयू जोडल्यावर दोन पुल-अप समांतर आले, म्हणजे जवळपास निम्मे झाले. व्होल्टेज वर चढलं, जे एरवी इंजिन थंड असताना चढतं, आणि दोघांनाही इंजिन थंड वाटायला लागलं. खऱ्या १०० अंशांना मेगास्क्वर्ट ७३ आणि जुना ईसीयू ७७ समजत होता. तो पंखा कशाला लावेल?

म्हणजे एक पुल-अप काढायचा, आणि तो नव्यातलाच, कारण जुन्याला आपण नवं गणित शिकवू शकत नाही. त्याआधी जुन्याचा पुल-अप किती हे हवं होतं. सेन्सरचं सॉकेट काढलं, त्याच्या जागी १००० ओहमचा रेझिस्टर लावला, चावी फिरवली. मल्टिमीटरवर १.५६ व्होल्ट. हिशेब केला, २२०० ओहम. मग २२० ओहम लावून पुन्हा बघितलं: ०.४५, म्हणजे तोच आकडा. ही दुसरी खेप टाळू नका. काही ईसीयू इंजिन तापल्यावर आतल्या आत पुल-अप बदलतात. तसला निघाला असता तर मी हा नादच सोडला असता.

मेगास्क्वर्टच्या बोर्डावरचा आर-७, म्हणजे त्याचा पुल-अप, काढला. सेन्सर स्वयंपाकघरात नेऊन बर्फाच्या पाण्यात, कोमट पाण्यात आणि उकळत्या पाण्यात बुडवून ओहम मोजले. (पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, १०० धरू नका. आणि ते पातेलं आईने परत घेतलं नाही.) ट्यूनरस्टुडिओमध्ये (मेगास्क्वर्टचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) ते तीन आकडे आणि पुल-अप म्हणून २२०० भरले.

तरी हेडलाइट लावले की तापमान तीन-चार अंश उडी मारायचं. चूक माझीच: मेगास्क्वर्टच्या सेन्सरची अर्थ मी बॉडीवरून घेतली होती. गरम इंजिनाला १० अंश म्हणजे जेमतेम १४० मिलिव्होल्ट, त्यात अर्थमधला ५० मिलिव्होल्टचा फरक लगेच दिसतो. सेन्सरच्या अर्थची वायर जुन्या ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंडला नेली, उडी बंद. हवेच्या तापमानाला मात्र सरळ वेगळा सेन्सर लावला. पाइपला एक भोक पाडलं की काम होतं, तिथे एवढी उस्तवार कोण करतो.

मागच्या महिन्यात जुन्या ईसीयूचा फ्यूज काढलेलाच राहिला. इंजिन थंडगार आणि लॅपटॉपवर आकडा पार वरच्या टोकाला. पाचच मिनिटं घाबरलो. पुल-अप जुन्याचा, त्याची वीज बंद, मग सिग्नलला ५ व्होल्ट देणार कोण? फ्यूज बसवला. २७ अंश.